पहिली गाडी, तीही जुनी: साडेतीन लाखांत काय बघावं आणि कुठे नाही म्हणावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत, घर पाथर्डी फाट्याला, गाव सटाण्याकडे, महिन्यातून एखादी फेरी. लायसन्स काढून चार वर्षं झाली, पण हात अजून बसलेला नाही. साडेतीन लाख जमवलेत. वडील म्हणतात डिझेल घे, मजबूत असते. मामेभाऊ म्हणतो, तेवढ्यात 2011-12 ची मोठी सेडान येते. आणि एका एजंटने 2016 ची पेट्रोल हॅचबॅक दाखवली आहे, 'सिंगल ओनर, 31 हजार किलोमीटर'. घ्यावी का?

ताई, अंबडला माझं गॅरेज आहे, 23 वर्षं झाली. जुनी गाडी घ्यायच्या आधी 'जरा बघून द्या' म्हणणारे दर आठवड्याला येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'कुठली गाडी चांगली?' हा प्रश्न नव्या गाडीच्या शोरूममध्ये ठीक आहे. जुन्यात प्रत्येक गाडी वेगळी. एकाच महिन्यात, एकाच शोरूममधून निघालेल्या दोन वॅगनआर दहा वर्षांनी माझ्यासमोर उभ्या राहतात. एकीचं इंजिन शिलाई मशीनसारखं चालतं, दुसरीचं ऑइल चेंबर उघडलं तर खाली काळा चिखल. मॉडेल तेच, मालक वेगळे. तेव्हा आधी माणूस बघा, मग गाडी, आणि मॉडेल सगळ्यात शेवटी.

पैशांचं आधी सांगतो, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. साडेतीन लाख आहेत म्हणून साडेतीनची गाडी घ्यायची नाही. तीनची घ्यायची. उरलेल्या पन्नास हजारांत नाव बदलायचा खर्च, विमा, आणि पहिल्याच महिन्यात करावी लागणारी कामं बसवायची. चार टायर घातले तर पंधरा-सतरा हजार गेलेच. बॅटरी चार-पाच हजार. क्लचप्लेट निघाली तर तेही आठ-दहा हजारांचं काम. एवढी शिल्लक न ठेवता गाडी घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. गाडी चांगली होती, पण गुळगुळीत टायरवर पहिला पावसाळा काढला आणि इंदिरानगरच्या अंडरपासजवळ समोरच्या टेम्पोवर गेली.

आता मोठी सेडान. ती स्वस्त का मिळते याचा विचार करा. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. नवी असताना नऊ-दहा लाखांची असलेली गाडी तीन लाखांत आली तरी तिचा हेडलाइट, तिचा शॉकअप, तिचा एसी कॉम्प्रेसर दहा लाखांच्या गाडीच्याच भावात मिळतो. शिवाय खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2011-12 ची गाडी म्हणजे ते वर्ष दारात येऊन उभं. मग पेठ रोडच्या आरटीओत तपासणी, नूतनीकरणाची फी, पर्यावरण कर, आणि पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा तेच. ज्या कंपन्यांनी इथलं दुकान बंद केलं त्यांच्या गाड्याही अशाच स्वस्त दिसतात. शेवरोलेने 2017 च्या शेवटी इथली विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये उत्पादन बंद करायचं ठरवलं. गाड्या वाईट नव्हत्या, त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं माझ्याकडे येतात. पण त्यांना पार्ट कुठून मागवायचा हे ठाऊक असतं. पहिल्या गाडीला ही शोधाशोध नको.

वडिलांचं डिझेल. सातपूरला डिझेलचे इंजेक्टर-नोझल बनतात, निम्मं नाशिक त्या कारखान्यांवर जगलं, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांचा डिझेलवर जीव असतो. माझाही आहे. पण हिशोब करू. तुमचं रोजचं जाणं-येणं वीस किलोमीटरच्या आत, गावची एक फेरी. महिन्याला साडेसहाशे, वर्षाला आठ हजार किलोमीटर धरा. पेट्रोल गाडीने शहरात 17 चं अ‍ॅव्हरेज दिलं तर 470 लिटर, डिझेलने 20 चं दिलं तर 400 लिटर. दोन्हींच्या भावातला फरक धरून वर्षाला बारा-तेरा हजार वाचतात, म्हणजे महिन्याला हजाराच्या आसपास. दहा वर्षांच्या डिझेल गाडीत इंजेक्टर किंवा टर्बोने एकदा तोंड उघडलं की दोन-तीन वर्षांची बचत एका दुपारी जाते. रोज पिंपळगाव किंवा सिन्नरला ये-जा असती तर मीच डिझेल घ्या म्हटलं असतं. वडिलांना हा आकडा दाखवा, त्यांना पटेल.

सीएनजीचा विचार असेल तर कंपनीतून बसवून आलेलीच घ्या. बाहेरून किट बसवलेलं असेल तर आरसीवर (नोंदणीच्या पुस्तकावर) त्याची नोंद आहे का ते बघा आणि टाकीची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालीय का विचारा. तुमच्या किलोमीटरला पंपावरची रांग परवडत नाही, म्हणून मी त्यात फार शिरत नाही.

म्हणजे पेट्रोल हॅचबॅक, 2015 ते 2018 मधली. वॅगनआर, सेलेरिओ, स्विफ्ट, ग्रँड आय10, टियागो, यांतली कुठलीही चालेल. जुनी 1.1 लिटरची आय10 किंवा सँट्रो असेल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला ते बिलावर बघा. त्या इंजिनात चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो चालू गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. व्हेरियंट मात्र जपून निवडा. चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै 2019 पासून, शेजारच्या सीटची जानेवारी 2022 पासून. त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये बहुतेकदा काहीच नसायचं. हवं तर आणखी दोन वर्षं जुनी चालेल, पण एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि दोन एअरबॅग असलेली घ्या. हात बसायचा आहे तोवर ब्रेक घाबरून जोरात दाबला जातो, आणि एबीएसचं काम तेव्हाच पडतं. चावी 'ऑन' केली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो बुजवलेला आहे असं समजा. गाडीने एकदा एअरबॅग उघडेपर्यंत मार खाल्लेला असू शकतो.

आता प्रत्यक्ष बघणं. सकाळी सात वाजता जा. मालकाला आदल्या दिवशी सांगा, 'मी यायच्या आधी गाडी चालू करू नका.' गेल्यावर पहिलं काम, बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं होतं म्हणून गाडी आधीच तापवलेली आहे. नाशिकला थंडीत हे तपासणं सोपं जातं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो, अशा वेळी गार इंजिन खरं बोलतं. इंजिन गार असतानाच, आणि फक्त गार असतानाच, रेडिएटरचं झाकण उघडा. आत कूलंट हिरवं किंवा लाल, स्वच्छ दिसलं पाहिजे. गंजकट पाणी दिसलं तर त्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय. मग ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाच्या कॉफीसारखा फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी जातंय. कमी पळणाऱ्या गाडीत थंडीत थोडा ओलावा धरतो, म्हणून डिपस्टिकही (ऑइल मोजायची पट्टी) बघा. तिच्यावरही तोच रंग असेल तर तिथूनच नमस्कार करून निघा.

मग चालू करायला सांगा आणि तुम्ही मागे सायलेन्सरपाशी उभ्या राहा. पहिल्या मिनिटात पांढरी वाफ आली तर घाबरू नका, ते पाणी असतं. निळसर धूर आला आणि ऑइल जळल्याचा वास आला तर इंजिन ऑइल पितंय. पाच मिनिटांनी ऑइलचं झाकण सैल करून वर नुसतं ठेवा. थोडं हललं तर चालेल, पण फडफडून उडत असेल आणि आतून धूर येत असेल तर त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो, आणि त्याचा अर्थ इंजिनचं काम जवळ आलंय.

एजंटच्या 31 हजार किलोमीटरचं. मीटर मागे करणं आजही अगदी सोपं काम आहे, त्यामुळे आकड्यावर विश्वास ठेवू नका, झिजेवर ठेवा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. 31 हजारांना त्यावरच्या रेघा शाबूत असतात. रेघा पुसल्या असतील तर संशय घ्या, आणि रबर अगदी कोरं असेल तर जास्त घ्या. स्टिअरिंगवर घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी चकाकी आलीय का, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड दबलीय का, बघा. मग टायर. प्रत्येक टायरच्या बाजूवर छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '2321' म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. आता विचार करा, गाडी 2016 ची, पळालेली फक्त 31 हजार, मग चारही टायर 2021 चे कसे? एखादा जुना होऊन फुटला, बदलला, समजू शकतो. स्टेपनी 2016 ची आणि बाकी चारही नंतरचे असतील तर मूळ टायर झिजेपर्यंत गाडी पळालेली असायची शक्यता मोठी. शेवटी चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाबरोबर जा आणि जुन्या नोंदी काढायला लावा. 2020 च्या नोंदीत 58 हजार लिहिलेलं निघालं की प्रश्नच मिटला.

पुराची गाडी हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे, त्यावर जरा थांबतो. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरी चढली तेव्हा सराफ बाजारापर्यंत पाणी होतं. पण खरा धोका तिथल्या गाड्यांचा नाही, मुंबईकडून कसारा घाट चढून वर येणाऱ्या गाड्यांचा आहे. जुलै 2019 मध्ये बदलापूर-वांगणीला उल्हास नदीचं पाणी शिरलं, मुंबई परिसरात तर दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे पार्किंग बुडतं. अशा काही गाड्या धुऊन-पुसून नाशिकला येऊन विकल्या जातात. एक ग्राहक अशीच एक घेऊन आला होता. पांढरी, आतून नवी सीट कव्हरं, सुगंधी डबी दोन-दोन. मी काहीही उघडण्याआधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. वरचा भाग स्वच्छ होता, पण जो भाग एरवी आत गुंडाळलेला राहतो, तिथे पट्ट्याच्या विणीत मातकट रेघ बसलेली होती. पाणी कुठवर आलं होतं ते त्या रेघेने सांगितलं. मग सीटखाली मोबाइलचा टॉर्च मारला, सीटच्या रेलवर गंज. डिकीतलं कार्पेट उचललं, स्टेपनीच्या खड्ड्यात बोटाला लागेल असा बारीक गाळ. तो मुलगा काहीच बोलला नाही, इसार दिलेला होता त्याने. अशा गाडीचं इंजिन करून घेता येतं, वायरिंग कधीच पुरतं बरं होत नाही. तुम्ही जाल तेव्हा सीटबेल्ट चारही ओढून बघा, आणि गाडीत जास्त सुगंध असेल तर काचा बंद करून, एसी बंद ठेवून दहा मिनिटं बसा. कुबट वास वर येतोच.

अपघात शोधायला पेंट मोजायचं यंत्र हवंच असं नाही. उजेडात गाडीच्या कडेला वाकून उभ्या राहा आणि लांबट नजर टाका. पुट्टी भरलेली जागा पाण्यावर वारा आल्यासारखी दिसते. सगळ्या काचांवर कंपनीची खूण आणि वर्षाचा आकडा असतो, एक काच वेगळी निघाली तर विचारा. बोनेट उघडून फेंडरच्या बोल्टवर बघा, पाना लागलेला असेल तर बोल्टच्या कडांवरचा रंग तडकलेला दिसतो. एखादा दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असणं गुन्हा नाही, नाशिकमध्ये दहा वर्षं फिरलेल्या गाडीला ते व्हायचंच. पण बोनेटखाली हेडलाइटच्या मागचा एप्रन (आतला पत्रा), दाराचे पिलर, डिकीचा तळ, इथे कंपनीचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर असतात. ते गायब असतील किंवा वर जाड सीलंट फासलं असेल तर ती गाडी फुकट दिली तरी घेऊ नका.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक. निफाड-दिंडोरीकडची गाडी असेल तर डिकीचं कार्पेट जरूर उचला. द्राक्षबागेची औषधं, खताच्या गोण्या हॅचबॅकच्या डिकीतून जातात, औषध सांडलं की पत्रा आतून खातं. मालक कितीही सज्जन असो. आणि नंबर प्लेट पांढरी असली तरी गाडी आधी टॅक्सी परवान्यावर होती का ते विचारा, शिर्डी-त्र्यंबकच्या फेऱ्या मारलेल्या गाड्या नंतर खासगी करून विकल्या जातात.

चालवायला घ्याल तेव्हा ओळखीचा जुना ड्रायव्हर सोबत न्या. तुमचं लक्ष रस्त्यावर राहील, त्याचं आवाजावर. गतिरोधकावरून काच खाली घेऊन, रेडिओ बंद करून हळू जा. 'टक-टक' ऐकू आलं तर बहुतेक लिंक रॉड किंवा बुश, तो खर्च मोठा नाही. मग मुंबई नाक्याकडून उड्डाणपुलाचा चढ घ्या, चौथ्या गिअरमध्ये 40 वर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी ओढत नसेल तर क्लचप्लेट संपली. पुढे पांडवलेणीपासून विल्होळीकडे मोकळ्या सरळ पट्ट्यावर स्टिअरिंग हलकं धरून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. परत आल्यावर एसी चालू ठेवून दहा मिनिटं उभी करा, तापमानाचा काटा किंवा दिवा बघत राहा. गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावून घ्या, पाचशे-हजारांत कुणीही गॅरेजवाला लावून देईल.

गाडी कुठे शोधायची? कंपन्यांची जुन्या गाड्यांची दुकानं महाग पडतात, पण कागद नीट असतात. एजंट सगळेच वाईट नसतात, माझे दोन मित्र त्याच धंद्यात आहेत. पण मी तुमच्या जागी असतो तर आधी निवृत्त माणूस शोधला असता. नाशिकरोडची प्रेस, ओझरचं एचएएल, एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र, इथून निवृत्त झालेल्या लोकांच्या गाड्या मी सांभाळतो. एका काकांकडे फाइल आहे, त्यात पहिल्या दिवसापासूनचं प्रत्येक बिल तारखेने लावलेलं, अगदी वायपरच्या रबराचंसुद्धा. अशी गाडी बाजारात जाहिरातीला येतच नाही, ओळखीत जाते. ऑफिसात, सोसायटीत, नातेवाइकांत सांगून ठेवा, आणि दोन महिने थांबायची तयारी ठेवा. दसरा-दिवाळीनंतर लोक नवी घेऊन जुनी काढतात, तेव्हा निवडही मिळते. देवळालीच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या गाड्याही छान ठेवलेल्या असतात, फक्त परराज्याचं पासिंग असेल तर तिथला ना हरकत दाखला (एनओसी) आणि इथला कर धरून किंमत करा.

कागदांत आळस नको. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, सगळं दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलान बाकी असेल तर मालकाकडून आधी भरून घ्या. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीय का बघा, ती नसेल तर आरटीओत काम अडतं. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर मालकाची सही तुमच्यासमोर घ्या. नुसते सही केलेले कोरे फॉर्म एजंटकडे ठेवून 'करून देतो' म्हटलं तर हात जोडा. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आणि यात विकणाऱ्याचाही फायदा आहे हे त्यांना सांगा. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय.

विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करा. नाहीतर तुमच्याच गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे फरक भरावा लागेल, तो खर्चात धरा. इसार पाच-दहा हजारांपेक्षा जास्त नको, त्याची पावती घ्या, आणि त्यावर लिहा: 'मेकॅनिकच्या तपासणीत दोष निघाल्यास परत.' बाकी रक्कम बँकेतून. गाडी ताब्यात घेताना एका कागदावर तारीख आणि वेळ, दोन्ही लिहून दोघांच्या सह्या करा. दुपारी चारला गाडी घेतली आणि त्याच दिवशी सकाळचं सिग्नल तोडल्याचं चलान आलं, तर ते कुणाचं हा वाद त्या कागदाने मिटतो. दोन्ही चाव्या मागा. जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा.

एजंटच्या त्या गाडीचं माझं उत्तर: टायरचे आकडे आणि सर्व्हिस सेंटरची नोंद बघू दिली तर पुढे जा. 'आज दुसरं गिऱ्हाईक येतंय, लगेच ठरवा' म्हणाला तर त्या गिऱ्हाइकाला जाऊ द्या.

गाडी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदला, मालकाने 'आत्ताच केलंय' म्हटलं तरी. पण डेंटिंग-पेंटिंगला हात लावू नका. हात बसेपर्यंत सोसायटीच्या गेटला, पार्किंगच्या खांबाला डावा बंपर आणि मागचं डावं दार घासतंच, माझ्याकडे पहिल्या गाडीवाले येतात ते याच दोन जागा घेऊन. रविवारी सकाळी लवकर गंगापूर रोडला मोकळ्या जागेत रिव्हर्स आणि चढावर थांबून पुन्हा निघणं, एवढंच दीड-दोन महिने घोटा. रंगाचं काम पुढच्या वर्षी एकदाच करू, ते पैसे आत्ता टायरला घाला.